नरवीर उमाजी नाईक : रखवालीच्या हक्कापासून स्वराज्याच्या जाहीरनाम्यापर्यंत

सिरसाळा व परळी परिसरातील आमच्या सभासद कुटुंबांत नरवीर उमाजी नाईक यांचे नाव ठाऊक नाही असे एकही घर सापडावयाचे नाही. ७ सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेस हार घातला जातो, मुलांना पेढे वाटले जातात आणि जयजयकार होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु घरातील एखाद्या शाळकरी मुलाने जर विचारले की, उमाजी नेमके कशासाठी लढले आणि सरकारदप्तरी त्यांस दरोडेखोर का म्हटले, तर त्याचे समाधान होईल असे उत्तर वडीलधाऱ्यांजवळ असतेच असे नाही. म्हणून या अंकात त्या थोर पुरुषाचे चरित्र, पुराव्यास धरून आणि कोणतीही अडचणीची गोष्ट न झाकता, वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुणे प्रांतातील पुरंदर तालुक्यात भिवडी या गावी झाला. वडिलांचे नाव दादोजी खोमणे व मातोश्रींचे लक्ष्मीबाई. पुरंदर किल्ल्याच्या रखवालीचे काम या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते. जेजुरीचा खंडेराय हे कुलदैवत आणि डोंगरकपारी हेच अंगण, अशा वातावरणात ते वाढले. दांडपट्टा, भाला, कुऱ्हाड, गोफण या विद्या त्यांस घरातच मिळाल्या.

येथे रखवाली या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण उमाजींच्या साऱ्या चरित्राची किल्ली त्या एका शब्दात आहे. मराठी राज्यात रामोशी हा गावगाड्यातील एक जबाबदार अधिकारी होता. रात्री गस्त घालावी, शिवेवर नजर ठेवावी, परक्या माणसाची खबर पाटलास द्यावी, चोरी झाल्यास पावलांचा माग काढावा, ही त्याची कर्तव्ये होत. माग ज्या गावच्या शिवेत जाईल त्या गावच्या रामोश्यावर तो पुढे नेण्याची जबाबदारी पडे. आणि चोर सापडला नाही तर गेलेल्या मालाची भरपाई रखवालदाराकडून करून घेण्याचीही रीत होती. याच्या मोबदल्यात त्यास इनाम जमीन व खळ्यावरचा वाटा मिळे. किल्ल्यांच्या घेऱ्यात राहणाऱ्या रामोश्यांकडे गडाच्या वाटा व माची यांचा पहारा असे. सारांश, राज्याचा विश्वास हीच या ज्ञातीची मिळकत होती.

या मिळकतीला पहिला धक्का इंग्रजांनी दिला नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतच पुरंदरची रखवाली रामोश्यांकडून काढून घेण्यात आली व त्यांच्या वतनांवर जप्ती आली. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला. नव्या सरकारास गडकोटांचा उपयोग उरला नव्हता. शिबंदी मोडली, जुने पहारे उठले, इनामांची चौकशी सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या शस्त्र धरून राहिलेल्या माणसांच्या हातचे काम गेले, जमीन गेली. शस्त्र मात्र राहिले. त्यातच १८२४-२५ साली दख्खनेत दुष्काळ पडला. असंतोषाला याहून निराळे बीज लागत नाही.

हीच वर्षे आमच्या या मुलुखालाही शांततेची गेली नाहीत. बीड प्रांत तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या मागे कंपनीची फौज उभी होती. १८१८ सालीच बीडकडे धर्माजी प्रतापराव यांनी बंड केले. त्यापाठोपाठ १८१९ मध्ये नांदेडच्या बाजूस हदगावनजीक नोव्हा येथील गढीत नोव्साजी नाईक हटकर इंग्रज सेनानींच्या फौजेशी झुंजले. राज्ये निराळी असली तरी दुखणे एकच होते. ज्यांच्या बळावर जुनी राज्ये उभी होती, त्या शस्त्रधारी जातिजमातींना नव्या व्यवस्थेत स्थान उरले नव्हते. उमाजींचा लढा या व्यापक चित्रात ठेवून पाहिला म्हणजेच त्याचा खरा अर्थ कळतो.

प्रारंभी उमाजी सत्तू नाईक यांच्या टोळीत होते. या सुमारास ते पकडले गेले व त्यांस एक वर्षाचा कारावास घडला. या तुरुंगवासाचे एक फळ मोलाचे ठरले. त्या अवधीत ते लिहावयास व वाचावयास शिकले. रानावनात वाढलेल्या, अक्षराचा गंध नसलेल्या तरुणाने शत्रूच्या कोठडीत बसून मुळाक्षरे गिरवावी, आणि पुढे त्याच अक्षरांच्या बळावर जाहीरनामे काढून सरकारला हैराण करावे, ही घटना आमच्या मते त्यांच्या कोणत्याही लढाईपेक्षा कमी पराक्रमाची नाही.

फेब्रुवारी १८२४ मध्ये पुण्याजवळील भांबुर्डे येथील सरकारी खजिना लुटला गेला. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर. पुढे सत्तू नाईकांचे निधन झाले आणि नेतृत्व उमाजींकडे आले. २८ ऑक्टोबर १८२६ रोजी सरकारने त्यांस पकडण्यासाठी पहिला जाहीरनामा काढला व १०० रुपयांचे बक्षीस लावले. बक्षिसाचा हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पाच वर्षांत तो कोठवर चढला हे पुढे दिसेल.

१८२७ साली उमाजींनी सरकारपुढे ज्या मागण्या ठेवल्या त्या फार बोलक्या आहेत. रामोश्यांची वंशपरंपरेची वतने परत करावीत आणि कैदेत असलेले सोबती सोडावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणजे या वेळेपर्यंत ते राज्य मागत नव्हते, गेलेला हक्क मागत होते. सरकारने तो दिला नाही. पुण्याचे कलेक्टर रॉबर्टसन यांनी १५ डिसेंबर १८२७ रोजी नवा जाहीरनामा काढून बक्षीस पाच हजारांवर नेले. त्याला उमाजींनी दिलेले उत्तर निराळ्याच जातीचे होते. त्यांनी स्वतःचा जाहीरनामा काढला आणि कोकणातील गावांनी सारा कंपनीस न देता आपल्याकडे भरावा असे फर्मावले. तेरा गावांनी तो त्यांच्याकडे भरलाही. लूट करणारा रात्री येतो आणि पहाटेपूर्वी जातो. सारा घेणारा मात्र दिवसा येतो आणि गाव त्यास धनी मानते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हा फरक तत्काळ उमगला आणि त्यांची झोप उडाली ती याच कारणाने.

फौजेने जे साधले नाही ते साधण्यासाठी सरकारने उमाजींची पत्नी व मुले यांस कैद केले. शेवटी १८२८ मध्ये तह झाला. उमाजींस माफी मिळाली, ते कंपनीच्या चाकरीत आले आणि पुणे-सातारा भागातील शांततेची जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली. जयंतीच्या भाषणांत या कालखंडाचा उल्लेख बहुधा टाळला जातो. आम्हांस तसे करण्याचे कारण दिसत नाही. पत्नी व लेकरे शत्रूच्या हाती असताना पित्याने केलेला तह हा कमीपणा नव्हे. शिवाय या तहातून एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या सरकारने रामोश्याची रखवाली निरुपयोगी ठरवून मोडली होती, त्याच सरकारला मुलुखात शांतता हवी होती तेव्हा अखेर रामोशी नाईकाच्याच दारी यावे लागले. वतने काढली ती चूक होती याची ही न लिहिलेली कबुलीच होय.

हा तह दोन वर्षेच टिकला. उमाजींचा वचक व लोकांवरील वजन कमी होण्याऐवजी वाढतच गेले. सरकारच्या मनात संशय बळावला, त्यांच्यावर नजर बसली व त्यांस अटक झाली. उमाजी निसटले आणि १८३० च्या अखेरीस पुन्हा डोंगरात शिरले. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांस त्यांच्या पाठलागावर नेमण्यात आले.

१६ फेब्रुवारी १८३१ रोजी उमाजींनी जो जाहीरनामा काढला तो त्यांच्या जीवनाचा कळस होय. त्यात वतनाचे गाऱ्हाणे मागे पडले होते. देशी लोकांनी इंग्रजांची चाकरी सोडावी, त्यांचे खजिने लुटावेत, त्यांस सारा देऊ नये, त्यांचे राज्य आता संपत आले आहे आणि जो त्यांस साह्य करील तो शिक्षेस पात्र होईल, असा त्याचा आशय होता. गोऱ्यांस जेथे दिसतील तेथे ठार करावे अशी कठोर आज्ञाही त्यात होती. तो काळ कठोर होता आणि उमाजींचे उपायही कठोर होते. सावकारांची घरे लुटली गेली, फितुरांना जबर शासन झाले. हे आम्ही लपवीत नाही. परंतु १८५७ च्या सव्वीस वर्षे आधी, कोणत्याही संस्थानिकाचा वारसा नसलेल्या एका रखवालदाराने परकी राज्य नाकारून स्वतः राजा म्हणून लोकांस आवाहन केले, हे सत्य त्यामुळे लहान होत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पुरंदरच्या घेऱ्यात वाढलेल्या माणसास तो आदर्श कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तो गड रोज दारातून दिसत होता.

८ ऑगस्ट १८३१ रोजी सरकारने बक्षीस दहा हजार रुपये व चारशे बिघे जमीन इतके वाढविले. शंभरापासून दहा हजारांपर्यंत चढलेला हा आकडा म्हणजे उमाजींच्या कर्तृत्वास शत्रूने दिलेले प्रशस्तिपत्रच होय. पण त्यानेच घातही केला. काळू व नाना हे त्यांचे जुने सोबती सरकारला मिळाले आणि १५ डिसेंबर १८३१ रोजी भोर संस्थानातील उतरोळी येथे उमाजी पकडले गेले. ज्या समाजात बेलभंडार उचलून दिलेला शब्द प्राणापलीकडे जपला जाई, त्या समाजात हे घडले. येथे नुसते शिव्याशाप देऊन भागणार नाही. वतन काढून घेतलेल्या माणसापुढे चारशे बिघे जमीन ठेवली होती. जी भूक उमाजींना डोंगरात घेऊन गेली, तीच भूक सरकारने त्यांच्या सोबत्यांवर शस्त्रासारखी वापरली. समाजाला आधी दरिद्री करावे आणि मग त्याच दारिद्र्याची किंमत करून त्याचे पुढारी विकत घ्यावेत, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे.

पुण्यात खटला चालला व फाशीची शिक्षा झाली. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्याच्या खडकमाळ येथील मामलेदार कचेरीत उमाजींस फाशी देण्यात आले. दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस पिंपळाच्या झाडास टांगून ठेवला होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. ज्या मॅकिंटॉश यांनी त्यांचा पाठलाग केला त्यांनीच १८३३ मध्ये रामोशी ज्ञाती व उमाजी यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आज उमाजींविषयी जे तपशील उपलब्ध आहेत त्यांपैकी पुष्कळ या ग्रंथामुळे टिकले. आपल्या वीराचे पहिले चरित्र शत्रूने लिहिले, कारण लिहिणारा आपल्यांत कोणी नव्हता. लेखणी धरू शकणारा आपल्यांतील एक माणूस होता, आणि त्याला फासावर चढविण्यात आले होते.

उमाजी गेले तरी त्यांनी पेटविलेली आग विझली नाही. १८५८ मध्ये सुरपूरचे बेरड राजे वेंकटप्पा नायक यांनी इंग्रजांशी सामना दिला. आम्हां मराठवाड्यातील बेरड-रामोश्यांना ते तर घरचेच वाटतात. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले तेव्हा त्यांच्या पाठीशी दौलतराव नाईकांसारखे रामोशी वीर उभे होते, आणि दौलतराव त्याच वर्षी धारातीर्थी पडले. सरकारने मात्र निराळाच सूड उगविला. १८७१ पासून गुन्हेगार जमातींविषयीचे कायदे झाले आणि जन्मानेच माणसास चोर ठरविण्याची पद्धत सुरू झाली. गावाची चोरी शोधून काढणाऱ्या ज्ञातीच्या माथी चोरीचा शिक्का बसला. हा कायदा देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तेव्हापासून आम्ही विमुक्त म्हणविले जातो. ते नाव उच्चारताना आपण कशातून मुक्त झालो हे नव्या पिढीस माहीत असले पाहिजे.

म्हणूनच सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. आपल्या घरी जुनी वतनपत्रे, मोडी कागद, इनामाच्या सनदा अथवा वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती असतील तर त्या जपाव्यात, जाणत्याकडून वाचून घ्याव्यात व मुलांकडून उतरवून घ्याव्यात. मुलींच्या व मुलांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नये. आणि उमाजींस कोणी दरोडेखोर म्हटले तर रागाने हात उगारण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे, की रखवालदाराच्या घरी दरोडा प्रथम कोणी घातला? या प्रश्नाचे उत्तर वर्षांसह व पुराव्यासह ज्याच्या जिभेवर असेल, त्यानेच उमाजींची जयंती खऱ्या अर्थाने साजरी केली असे आम्ही समजू.