पहाटे तीनला गुपचूप सटकलेला गटे, आणि फ्लॉरेन्सच्या वाट्याला आलेले तीन तास

दिवाळीच्या सुट्टीला जोडून युरोपला जायचं ठरलं की घरोघरी एकच वाद सुरू होतो. हातात दिवस दहा आणि यादीत शहरं आठ. रोम तर हवंच, व्हेनिस कसं सोडायचं, फ्लॉरेन्स वाटेतच आहे म्हणजे तेही घ्या. त्यात ऑक्टोबर संपत आला की तिकडं दिवस लहान होतात, पाऊस लागतो, डोंगरात बर्फ पडायला लागतो. मग यादीतलं काय ठेवायचं आणि कशावर काट मारायची?

जवळपास अडीचशे वर्षांपूर्वी हाच हिशोब एका जर्मन माणसानं मांडला होता. तेव्हा ना रेल्वे होती, ना हॉटेलचं बुकिंग. तो माणूस म्हणजे योहान वोल्फगांग फोन गटे. मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना हे नाव नवीन नाही. ही भवनं ज्या गटे इन्स्टिट्यूटची आहेत, त्या संस्थेला नाव मिळालं ते याच्यावरूनच.

गटेचा जन्म २८ ऑगस्ट १७४९ चा, फ्रँकफर्टमधला. त्याचे वडील १७४० मध्ये इटली फिरून आले होते. घरातल्या भिंतींवर रोमची चित्रं टांगलेली असायची. व्हेनिसहून आणलेली गोंडोला नावेची छोटी प्रतिकृतीही होती. लहानग्या गटेला ती कधीमधी खेळायला मिळायची. थोडक्यात काय, तर इटलीचं वेड त्याला घरातूनच लागलं होतं.

१७७४ मध्ये त्याची वेर्टर या तरुणाच्या प्रेमभंगाची कादंबरी आली आणि पंचविशीतच तो युरोपभर गाजला. पोरं वेर्टरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरायला लागली. पुढच्याच वर्षी वायमर या छोट्या संस्थानाचा १८ वर्षांचा ड्यूक कार्ल आउगुस्ट यानं त्याला बोलावून घेतलं. पाहुणा म्हणून गेलेला गटे तिथं मंत्री होऊन बसला.

आणि तिथंच अडकला. खाणी बघा, रस्ते बघा, सैन्यभरती बघा, शेवटी तिजोरीही बघा. १७८२ मध्ये नावात सरदारकीचं ‘फोन’ लागलं, पण लेखन मागं पडलं. ‘फाउस्ट’, ‘एग्मोंट’, ‘टासो’ ही नाटकं अर्धवट पडून होती. वायमरमध्ये दहा वर्षं गेली, पण त्याच्या नावावर पुन्हा वेर्टरच्या तोडीचं काही झालं नाही.

१७८६ च्या उन्हाळ्यात तो ड्यूक आणि मित्रमंडळींबरोबर कार्ल्सबाडला गेला. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. तिथं त्यानं ३७ वा वाढदिवस साजरा केला आणि ड्यूककडं बेमुदत रजा मागितली. कुठं जाणार ते मात्र सांगितलं नाही. जवळची मैत्रीण शार्लोट फोन श्टाइन हिलाही पत्ता लागू दिला नाही. पत्रं आणि पैसे पोचवायचे म्हणून फक्त फिलिप झायडेल या विश्वासू नोकराला सगळं माहीत होतं. ३ सप्टेंबरला पहाटे तीन वाजता गटे एकटाच डाकगाडीत बसला. सामान म्हणजे एक बॅग आणि एक कातडी पिशवी.

प्रवासात त्यानं नावही बदललं. तो आता योहान फिलिप म्योलर झाला होता. गटे म्हणून फिरला असता तर गावोगावी वेर्टरचे चाहते आणि सरदारांच्या मेजवान्या मागं लागल्या असत्या. त्याला बघायचं होतं, मिरवायचं नव्हतं.

बाकी बेत अगदी सोपा होता. गाठायचं एकच ठिकाण, रोम. १ नोव्हेंबरला तिथं सर्व संतांचा मोठा सण असतो, त्याच्या आत पोचायचं. वाटेतल्या शहरांचे दिवस या एका तारखेवरून उलटे मोजायचे. माहितीसाठी सोबत फोल्कमान नावाच्या लेखकाचं इटलीवरचं तीन भागांचं पुस्तक होतं. आजच्या भाषेत गाइडबुक.

सुरुवातीला त्यानं कुठं थांबायचं नावच घेतलं नाही. रेगेन्सबुर्ग, म्युनिक, इन्सब्रुक करत पाच दिवसांत तो आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीत पोचला. बर्फाचे दिवस यायच्या आत घाट पार झाला.

इटलीत उतरल्यावर पहिला झटका बसला मालचेसीने या गावात. गार्डा सरोवराकाठचा पडका किल्ला बघून गडी चित्र काढायला बसला. गर्दी जमली. हा भाग व्हेनिसच्या राज्यात आणि ऑस्ट्रियाची हद्द जवळच, म्हणून लोकांना वाटलं हा ऑस्ट्रियाचा हेर आहे. एकानं चित्र फाडूनच टाकलं. नशिबानं फ्रँकफर्टमध्ये नोकरी करून आलेला एक गावकरी भेटला. गटेनं तिथल्या घराण्यांची इत्थंभूत माहिती सांगितली आणि सुटका झाली.

दुसरी अडचण वेळेची. इटलीत तेव्हा सूर्यास्तापासून तास मोजायचे. आपल्याकडं पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तसा तिकडं दिवस संध्याकाळी बदलायचा. शरद ऋतूत सूर्य रोज लवकर मावळणार, म्हणजे घड्याळाचा हिशोबही सरकत राहणार. गटेनं त्यासाठी चक्क एक तक्ता बनवला. त्याचे बूट बघून लोक टक लावतात हे लक्षात आल्यावर कपडेही इटालियन घातले.

व्हेरोनात त्यानं रोमन काळातलं प्रचंड अँफिथिएटर बघितलं. विचेन्झात वास्तुकार पालाडियोच्या इमारतींपुढं तो दिवसच्या दिवस रमला. पादुआच्या बागेत एका ताडवर्गीय झाडाची पानं बघताना वनस्पतींच्या वाढीचा विचार त्याच्या डोक्यात पक्का होत गेला. १५८५ मध्ये लावलेलं ते झाड आजही आहे आणि गटेच्याच नावानं ओळखलं जातं. २८ सप्टेंबरला व्हेनिस आलं. लहानपणी खेळण्यात बघितलेल्या गोंडोलात तो खराखुरा बसला. समुद्रही त्यानं आयुष्यात पहिल्यांदा इथंच बघितला, वयाच्या ३७ व्या वर्षी.

व्हेनिसला सोळा-सतरा दिवस गेले आणि मग कात्री लावायची वेळ आली. ऑक्टोबर अर्धा सरला होता, रोम अजून लांब होतं. फेरारा, बोलोन्या झटपट उरकले. २३ ऑक्टोबरला फ्लॉरेन्स आलं. जिथं लोक आज चार-चार दिवस काढतात, तिथं हा थांबला जेमतेम तीन तास. कॅथेड्रल आणि बोबोली बाग बघितली की लगेच गाडीत. असीसीत तर त्यानं कमालच केली. संत फ्रान्सिसचं जगप्रसिद्ध चर्च टाळून तो मिनर्व्हा देवीचं प्राचीन मंदिर बघायला गेला. गावात येऊन संताचं दर्शन घेतलं नाही म्हणजे हा तस्कर असणार, असं म्हणत शिपायांनी त्याला वाटेत अडवलं.

चूक होती का ही? भित्तिचित्रांनी भरलेलं ते चर्च टाळणं कुणालाही खटकेल. पण सगळं बघायच्या नादात रोम हुकवायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं होतं. फ्लॉरेन्सचा मुक्काम त्यानं परतीच्या वाटेवर केलाच.

२९ ऑक्टोबर १७८६ ला गटे रोमला पोचला. सणाला तीन दिवस बाकी होते. तिथं पोचल्यावरच त्यानं घरी पत्रं लिहून आपण कुठं आहोत ते कळवलं. कोर्सो रस्त्यावर टिशबाइन या चित्रकाराच्या घरी तो चित्रकार म्हणून राहिला. त्या घरात आता गटेचं संग्रहालय आहे. आठवडाभराचा रोम त्याला पुरणार नव्हताच. मधे नेपल्स आणि सिसिली धरून मुक्काम दीड वर्षावर गेला. ‘इफिगेनी’ हे नाटक त्यानं तिथं नव्यानं पद्यात पूर्ण केलं, ‘एग्मोंट’ही संपवलं. जो माणूस लिहायचाच थांबला होता, तो पुन्हा लिहिता झाला.

ड्यूकनं पगार चालू ठेवला, आणि १८ जून १७८८ ला गटे वायमरला परतल्यावर बहुतेक सरकारी कामांतून त्याला मोकळंही केलं. पण गुपचूप निघून जाण्याची किंमत होतीच. न सांगता गेल्याचं शार्लोटला फार लागलं होतं. ती जुनी जवळीक पुन्हा जुळली नाही.

पुढं १७९१ मध्ये ‘शाकुंतल’चा जर्मन अनुवाद आला आणि गटे कालिदासावर फिदा झाला. ‘फाउस्ट’च्या सुरुवातीचा रंगभूमीवरचा प्रवेश संस्कृत नाटकातल्या सूत्रधारावरून सुचला, असं अभ्यासक मानतात. १७९० मध्ये तो पुन्हा व्हेनिसला गेला, पण ती पहिली मजा आली नाही. रोमला मात्र तो परत कधीच गेला नाही.

त्याचा मुलगा आउगुस्ट गेला. १८३० मध्ये बापाच्या वाटेनं तो इटलीला निघाला आणि ऑक्टोबरच्याच अखेरीस, वयाच्या चाळिशीत, रोममध्ये वारला. त्याला सेस्टियसच्या पिरॅमिडजवळच्या दफनभूमीत पुरलं. रोमला असताना गटेनं याच पिरॅमिडपाशी स्वतःची कबर कल्पून तिचं चित्र काढलं होतं. मुलाच्या दगडावर आउगुस्ट हे नावही कोरलेलं नाही. गटेचा मुलगा वडिलांच्या आधी गेला, अशी नोंद आहे. त्यानंतर दीड वर्षानं, २२ मार्च १८३२ ला, गटे वायमरमध्ये वारला.