राजदूत राधाकृष्णन : मॉस्कोतली अडीच वर्षं



५ सप्टेंबर जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डॉ. राधाकृष्णन यांच्यावरची भाषणं फिरायला लागतात. दहा ओळींचं, वीस ओळींचं, मोठ्या गटासाठी, लहान गटासाठी. त्यात तिरुत्तनीचा जन्म असतो, गरिबी असते, शिष्यवृत्ती असते, राष्ट्रपतिपद आणि भारतरत्न असतं. आणि मधेच कुठेतरी एक ओळ असते की ते रशियात भारताचे राजदूत होते. मुलं ती ओळ घडाघडा म्हणतात आणि पुढे जातात. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने भाषण पाठ करता करता विचारलं, बाई, राजदूत काय काम करतो? तिला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की ती एक ओळ आपणही कधी उघडून बघितलेली नाही. म्हणून हा लेख.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. एका देशाने दुसऱ्या देशात नेमलेला आपला अधिकृत माणूस म्हणजे राजदूत. तो तिथे गेला की त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाला आपल्या राष्ट्रप्रमुखाचं पत्र देतो. त्याला अधिकारपत्र म्हणतात. मग आपल्या सरकारचं म्हणणं तिकडे पोचवायचं, तिकडचं इकडे कळवायचं, व्यापाराची बोलणी करायची, आपल्या नागरिकांची काळजी घ्यायची, अशी कामं सुरू होतात. (जाता जाता सांगते, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा राष्ट्रकुलातल्या देशांत आपला जो माणूस असतो त्याला राजदूत न म्हणता उच्चायुक्त म्हणतात. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत इथे मुलं हमखास चुकतात.)

आता रशिया. म्हणजे तेव्हाचा सोव्हिएत संघ. भारत स्वतंत्र व्हायच्या चार महिने आधीच, १३ एप्रिल १९४७ ला, दोन्ही देशांनी एकमेकांकडे राजदूत पाठवायचं जाहीर केलं. त्यांच्याकडून दिल्लीला किरिल नोव्हिकोव्ह आले. आपल्याकडून मॉस्कोला गेल्या विजयालक्ष्मी पंडित, पंडित नेहरूंच्या धाकट्या बहीण. त्यांचे पती रणजित पंडित हे मूळचे कोकणातल्या सारस्वत घराण्यातले, आणि पुढे १९६२ मध्ये विजयालक्ष्मीबाई आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. असो. तर मॉस्कोत त्यांचे दिवस काही सोपे गेले नाहीत. महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरात सगळ्याची टंचाई. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे स्टॅलिन त्यांना एकदाही भेटला नाही. १९४९ मध्ये त्यांची बदली अमेरिकेला झाली, तोवर भेट नाही ती नाहीच.

नियमाप्रमाणे त्याने भेटायलाच हवं होतं असं नाही. अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखाला द्यायचं असतं, आणि तिथे कागदोपत्री ते पद श्वेर्निक यांच्याकडे होतं. स्टॅलिन पंतप्रधान होता. पण सगळी सत्ता कुणाच्या हातात आहे हे सगळ्या जगाला माहीत होतं. त्याने दार बंद ठेवलं याचा अर्थ भारताला तो मोजत नव्हता. सोव्हिएत अभ्यासक तेव्हा लिहायचे की भारताचं स्वातंत्र्य नावापुरतं आहे, इंग्रजांची पकड सुटलेली नाही. त्यात १९४९ च्या एप्रिलमध्ये भारताने राष्ट्रकुलात राहायचं ठरवलं. इकडे भारतात कम्युनिस्ट पक्षाने बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढ्याची भूमिका घेतली होती आणि सरकार कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकत होतं. दोन्हीकडे संशयच संशय.

अशा ठिकाणी नेहरूंनी कुणाला पाठवावं? एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला!

राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा. वडील जमीनदाराकडे महसुलाच्या कामावर साधे नोकर. तिरुपती, वेल्लोर असं करत शिष्यवृत्तीवर शिक्षण झालं. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात ते तत्त्वज्ञानाकडे वळले याचं कारण मला फार आवडतं. नात्यातल्या एका भावाने वापरून झालेली तत्त्वज्ञानाची पुस्तकं त्यांना दिली, म्हणजे पुस्तकांचा खर्च वाचला. जुन्या पुस्तकांवर शिकणारी आपल्या वर्गातली मुलं आठवतात की नाही? १९०९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी, १९१८ मध्ये म्हैसूर, १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठ. म्हैसूर सोडताना विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेल्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः स्टेशनपर्यंत ओढत नेली, ही गोष्ट तर तुम्ही भाषणात ऐकलीच असेल. पुढे आंध्र आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू, आणि १९३६ पासून ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक.

या सगळ्यात मुत्सद्देगिरीचं शिक्षण कुठेच नाही. उलट अडचणच जास्त. देव आणि धर्म न मानणाऱ्या राज्यात उपनिषदांचा भाष्यकार जाणार! आपल्या पुस्तकांत त्यांनी साम्यवादावर टीकाही केलेली होती. शिवाय त्यांनी ऑक्सफर्डचं काम सोडलं नाही. वर्षातले काही आठवडे तिथे शिकवायचं आणि उरलेला वेळ मॉस्को, असं ठरलं. नेहरूंनी ते मान्य केलं. शाकाहारी, दारूला न शिवणारे, डोक्याला पांढरा फेटा, अंगात लांब कोट. पार्ट्यांवर चालणाऱ्या त्या राजदूतांच्या जगात हा माणूस १९४९ च्या सप्टेंबरात दाखल झाला. मुख्य उपनिषदांचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये निघाला, म्हणजे दूतावासाच्या फायलींबरोबर ते कामही याच वर्षांत चालू असणार.

आणि जे विजयालक्ष्मीबाईंना दोन वर्षांत मिळालं नाही ते यांना चार महिन्यांत मिळालं. १५ जानेवारी १९५० च्या रात्री क्रेमलिनमध्ये स्टॅलिन त्यांना भेटला. परराष्ट्रमंत्री विशिन्स्की हजर होते.

या भेटीगाठींच्या दोन गोष्टी आपल्याकडे सांगतात. एक सम्राट अशोकाची. आमच्याकडे एक राजा होऊन गेला, भयंकर युद्ध जिंकल्यावर त्याने शस्त्र खाली ठेवलं आणि धर्माची वाट धरली, तुमच्याही बाबतीत तसं घडू शकेल, अशा अर्थाचं राधाकृष्णन बोलले. त्यावर स्टॅलिन म्हणाला की चमत्कार होतात कधीकधी, मीसुद्धा पाच वर्षं धर्मशिक्षणाच्या शाळेत होतो. स्टॅलिन लहानपणी पाद्री होण्यासाठी शिकत होता हे खरंच आहे. दुसरी गोष्ट निरोपाच्या भेटीची, राधाकृष्णन यांनी त्याच्या गालावर की पाठीवर थोपटलं आणि तो हळवा झाला. ही दुसरी गोष्ट प्रत्येक जण वेगळी सांगतो. मी वर्गात अशोकाची सांगते, थोपटण्याची सांगत नाही. कारण मग मुलांच्या मनात स्टॅलिन म्हणजे एक प्रेमळ आजोबा असं चित्र तयार होतं. या माणसाच्या राजवटीत लाखो लोक गोळ्या घालून मारले गेले, छळछावण्यांत मेले. कलिंगाची आठवण त्याला समोरासमोर करून देणं ही हिंमतीची गोष्ट होती, ती तशीच सांगावी.

पण दार नेमकं कशामुळे उघडलं? आपली भाषणं म्हणतात, राधाकृष्णन यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे. मला हे अर्धंच पटतं. तारखा बघा. १९४९ च्या ऑक्टोबरात चीनमध्ये माओ सत्तेवर आला. ३० डिसेंबरला भारताने त्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि त्या हिवाळ्यात माओ स्वतः मॉस्कोतच मुक्कामाला होता. भारत इंग्रज-अमेरिकेच्या मागे डोळे मिटून चालत नाही हे स्टॅलिनला तेव्हा दिसलं असणार. म्हणजे विजयालक्ष्मीबाई कमी पडल्या असं म्हणणं अन्याय होईल. त्या गेल्या तेव्हा वारं उलट होतं. मात्र वारं फिरल्यावर त्याचा उपयोग करून घ्यायलाही माणूस लागतो, आणि तो राधाकृष्णन यांनी करून घेतला.

१९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. जुलैत नेहरूंनी स्टॅलिनला आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्रं लिहून मध्यस्थीचा प्रयत्न केला. मॉस्कोतला निरोप राधाकृष्णन यांच्यामार्फत गेला. स्टॅलिनने अनुकूल उत्तर दिलं, अमेरिकेने नकार दिला, युद्ध काही थांबलं नाही. पण भारताचं म्हणणं मॉस्कोत ऐकलं जातंय हे कळलं. १९५१ मध्ये आपल्याकडे अन्नधान्याची टंचाई होती. अमेरिकेच्या संसदेत भारताला गहू द्यायचा की नाही यावर महिनोन् महिने चर्चा चालली होती (शेवटी जूनमध्ये कायदा झाला आणि गहू आला, पुष्कळ आला). त्याच काळात रशियानेही गहू पाठवायची तयारी दाखवली. आणि जानेवारी १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत काश्मीरच्या प्रश्नावर रशियाचे प्रतिनिधी मलिक यांनी पहिल्यांदाच ब्रिटन-अमेरिकेच्या भूमिकेवर सडकून टीका केली. तोवर रशिया या विषयावर गप्प बसायचा.

५ एप्रिल १९५२ ला स्टॅलिनने त्यांना निरोपाची भेट दिली. परत आल्यावर मे महिन्यात ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले.

त्यांच्या जागी के. पी. एस. मेनन गेले, ते मुरलेले मुत्सद्दी. १७ फेब्रुवारी १९५३ ला तेही स्टॅलिनला भेटले. बोलता बोलता तो लाल पेन्सिलीने लांडग्यांची चित्रं काढत होता, असं मेनन यांनी लिहून ठेवलंय. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ५ मार्चला, स्टॅलिन मेला. मेनन मात्र १९६१ पर्यंत तिथेच राहिले आणि खरं बांधकाम त्यांच्या काळात झालं. १९५५ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याचा करार, नेहरूंचा रशिया दौरा, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांचा भारत दौरा. १९५८ मध्ये आयआयटी मुंबई सुरू झाली ती युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर, यंत्रं तिकडची आणि तज्ज्ञही तिकडचे. आपले अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं, तेही याच वाटेवरून.

मुलांना हे सांगताना जगाचा नकाशा समोर ठेवा. दिल्ली, मॉस्को, वॉशिंग्टन, पेकिंग आणि कोरिया एवढ्या पाच ठिकाणी बोट ठेवायला लावलं तरी पुरतं. दोन तासिका लागतील.

राष्ट्रपती झाल्यावर १९६४ मध्ये राधाकृष्णन पुन्हा सोव्हिएत संघात गेले, या वेळी पाहुणे म्हणून. दीड वर्षाने, ११ जानेवारी १९६६ ला, त्याच देशातल्या ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री वारले, तेव्हा दिल्लीत राष्ट्रपती तेच होते. १९६७ मध्ये ते मद्रासला आपल्या घरी परतले. ९ ऑगस्ट १९७१ ला दिल्लीत भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या झाल्या त्या वेळी ते तिथेच होते. १७ एप्रिल १९७५ ला मद्रासमध्येच त्यांचं निधन झालं.