नेमणूक येईपर्यंत : गीता अध्याय 3, श्लोक 8



आजचा श्लोक तुमच्या पाठ असेल. भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझ्या वाट्याला आलेलं काम कर. काही न करण्यापेक्षा करणं केव्हाही बरं. आणि पुढे म्हणतात की कर्म टाकलंस तर साधा शरीराचा गाडाही चालणार नाही.

पण वाट्याला अजून काही आलंच नसेल तर? आमच्या चोपड्यातून पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेली मुलं फोनवर हेच विचारतात. ट्रेनिंग झालं, पोस्टिंग नाही. माणूस घरचा राहिला नाही आणि तिथलाही झाला नाही. आज त्यासाठी सोलापूरच्या एका तरुणाची गोष्ट सांगतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म 10 ऑक्टोबर 1910. साध्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. पुढे आणखी शिकायचा विचार होता. तेवढ्यात 1938 साल आलं. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि चीनच्या सेनानींनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली होती. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं, पैसा जमवला आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, पोचले आणि लगेच जखमींच्या सेवेला लागले. तसं झालं नाही. कँटनला उतरले, तिथून हँकौ, मग यीचांग. पाठीमागे जपानी फौज एकेक शहर घेत चाललेली. शेवटी नोव्हेंबरात चुंगकिंगला आले आणि तिथे अडकले. त्यांना जायचं होतं उत्तरेला, येनानला, जिथे डॉक्टरांची टंचाई सगळ्यात जास्त होती. पण ते कम्युनिस्टांचं ठाणं. सरकारची परवानगी काही लवकर मिळेना. परका देश, परकी भाषा, कडाक्याची थंडी आणि हातात काम नाही.

मग त्यांनी काय केलं? ते चिनी शिकायला बसले. पाचही जणांना चिनी नावं मिळाली, प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीसांचं झालं 'के दिहुआ'. ती अवघड अक्षरं गिरवायची, चुकायचं, पुन्हा गिरवायचं. मोठा डॉक्टर आणि पुन्हा पहिलीच्या वर्गात! कमीपणा वाटून घेतला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

आणि त्याच मुक्कामात घरून बातमी आली की वडील गेले. बघा, त्या क्षणाला परत फिरायला कुणीही नावं ठेवली नसती. घरी आई, भावंडं. इथे तर कामही सुरू झालेलं नाही. सोबत्यांनीही जा म्हटलं. तो मुलगा राहिला. त्याच्या मनात रात्री काय चाललं असेल, ते आपण आपल्या शब्दांत न सांगितलेलंच बरं.

फेब्रुवारी 1939 ला ते येनानला पोचले. डोंगर कोरून केलेल्या गुहांत राहणं, तिथेच दवाखाना. मग आघाडीवर. हळूहळू काही सोबती परतले, कोटणीस राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून सेवा करता करता 1939 मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस 1941 मध्ये प्रमुख झाले. तिथे ते नुसत्या शस्त्रक्रिया करत नव्हते, चिनी मुलांना चिनीतून शल्यशास्त्र शिकवत होते, त्यासाठी पुस्तक लिहीत होते. चुंगकिंगच्या रिकाम्या दिवसांत गिरवलेली अक्षरं अशी कामाला आली!

तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं. 1942 मध्ये मुलगा झाला, नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला, फिटच्या आजाराने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. सोलापूर पुन्हा दिसलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोटणीस काही माळकरी नव्हते. शेवटच्या वर्षी ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते. त्यांच्या तोंडी गीता घालायचा हक्क आपल्याला नाही. पण गीता कळायला त्यांचं आयुष्य मदत करतं, एवढं नक्की.

मला कळलं ते असं. नेमणूक दुसऱ्याच्या हातात असते, तयारी आपल्या हातात. वाट बघण्याचे दिवस म्हणजे रिकामे दिवस नाहीत, त्या दिवसांचंही एक नियत कर्म असतं. बहुतेक वेळा ते फार छोटं असतं. एक भाषा, एक कौशल्य, शेजारच्या माणसाचं नाव नीट उच्चारणं.

आज एवढंच करा. पत्र आलं का म्हणून मोबाईल दहाव्यांदा बघायच्या आधी, एक अक्षर गिरवा. ते कुठे उपयोगी पडेल याची काळजी माउलीवर सोडा.

उद्या पुढचा श्लोक घेऊन भेटूच. राम कृष्ण हरी!