दिवाणपद सुटले, संग्रह उरला : नवाब सालारजंग तिसरे



पूर्णा जंक्शनवरून गाडीत बसले की नांदेड, मुदखेड, बासर, निजामाबाद करीत आपण सिकंदराबादला पोहोचतो. लग्नाच्या खरेदीसाठी, दवाखान्यासाठी किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी हैदराबादला गेलेले आहेत. चारमिनार, मक्का मशीद पाहून झाली की मुलांच्या आग्रहाखातर सालारजंग म्युझियमही पाहणे होते. तेथील मोठ्या घड्याळासमोर आपण गर्दीत उभे राहतो. ताशी एक छोटा माणूस बाहेर येऊन ठोके देतो, मुले टाळ्या पिटतात आणि आपण बाहेर पडतो. परंतु ज्या माणसाने हे सारे जमविले, तो कोण होता आणि त्याने ते का जमविले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज त्याच माणसाची ओळख आपण करून घेऊ.

त्यांचे नाव मीर यूसुफ अली खान. सालारजंग हा त्यांच्या घराण्यात चालत आलेला किताब. त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यात झाला. वडील मीर लायक अली खान म्हणजे दुसरे सालारजंग. बाळाला महिनाही पुरा झाला नव्हता, तोच ७ जुलै १८८९ रोजी वडील ऐन तारुण्यात वारले. आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, हे १८५३ पासून १८८३ पर्यंत तब्बल तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. १८६५ च्या सुमारास निजामाच्या राज्यात जिल्हे पाडून तेथे पगारी अधिकारी नेमण्याची घडी त्यांनीच बसविली. आपल्या मराठवाड्याच्या जिल्हा-कारभाराची मुळे तेथपर्यंत जातात.

तेव्हा हे मूल पोरके होते, पण निराधार नव्हते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याच्याकडे जातीने लक्ष पुरविले. मुलगा सज्ञान होईपर्यंत जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली राहिला. पुढे १९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि १९१२ मध्ये त्यांनी महाराजा किशनप्रसाद यांच्या जागी यूसुफ अली खान यांना दिवाण नेमले. वय केवळ तेवीस वर्षे! आजोबांनी आणि वडिलांनी भूषविलेली जागा नातवाला मिळाली. पण हे पद फार काळ टिकले नाही. १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यानंतर १९१९ पर्यंत निजामांनी दिवाणच न नेमता कारभार स्वतःच्या हाती ठेवला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. पंचविशीत राज्यातील सर्वांत मोठे पद हातचे गेलेला माणूस काय करील? कोणी दरबारी कारस्थानात पडेल, कोणी ऐषआरामात बुडेल, कोणी आयुष्यभर कुढत बसेल. या तरुणाने तिसराच मार्ग धरला. पुढची पस्तीस वर्षे त्याने वस्तू जमविण्यात घालविली. त्यांनी लग्न केले नाही. दिवाण देवडी या वाड्यात जुन्या वस्तूंचे व्यापारी येत. परदेशांतून अडत्यांची सूचिपत्रे येत. युरोपच्या प्रवासात ते स्वतः पारख करून खरेदी करीत. चित्रे, हस्तलिखिते, चिनी मातीची भांडी, घड्याळे, गालिचे आणि या सर्वांबरोबर शस्त्रे असा त्यांचा संग्रह वाढत गेला. ही आवड घरातच होती. संग्रहालयातील बुरखाधारी रिबेकाचा प्रसिद्ध संगमरवरी पुतळा आजोबांनी १८७६ मध्ये रोममध्ये खरीदला होता.

या लेखापुरते आपण शस्त्रांच्या दालनात थांबू. तेथे तलवारी, ढाली, चिलखते, शिरस्त्राणे, कट्यारी, खंजीर आणि सुऱ्या मांडलेल्या दिसतात. लहान मुलांना वाटते, ही सारी मारण्याची हत्यारे. खरे आहे. पण जरा निरखून पाहिले तर प्रत्येक हत्यार हे एका प्रश्नाचे उत्तर असते. कट्यारीची मूठ आडवी का? मुठीत धरून सरळ समोर घुसविताना मनगटाचे सारे बळ पात्यामागे यावे म्हणून. पेशकब्जाचे पाते पाठीला जाड आणि टोकाला निमुळते का? चिलखताच्या कड्या फोडून आत शिरावे म्हणून. फिरंग नावाची तलवार पाहिली तर पाते युरोपात घडलेले आणि मूठ आपल्याकडची. म्हणजे समुद्रापलीकडचा लोहार आणि इकडचा कारागीर यांचा संगम एका तलवारीत झालेला असतो.

पात्याच्या पोलादाची हकीकत तर आपल्या शेजारचीच आहे. पूर्वी निजामाबादकडील कोनासमुद्रम या गावी उत्तम प्रतीचे पोलाद बनत असे. लोखंड आणि झाडपाल्यासारखा जळाऊ पदार्थ मातीच्या मुशीत घालून ती मूस बंद करीत, दीर्घकाळ भट्टीत तापवीत आणि मग हळूहळू थंड होऊ देत. त्यामुळे लोखंडात कर्ब मुरे आणि कठीण पोलादाचा गोळा तयार होई. ते नेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथपर्यंत येत. जगभर दमास्कसच्या तलवारी म्हणून ज्यांची कीर्ती झाली, त्यांच्या पात्यांसाठी दक्षिण भारताचे असेच पोलाद जात असे. असे पाते घासून, त्याला तेजाब लावले की पाण्याच्या लहरींसारखी नक्षी वर येते. तिला जौहर म्हणतात. माणसाच्या अंगच्या गुणालाही आपण उर्दूत जौहर म्हणतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुठीवरील सोन्याची वेलबुट्टी म्हणजे कोफ्तगरी. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओरखडून त्यावर सोन्याची तार ठोकीत बसवीत. नंतर पात्याला धार आणि झळाळी देण्याचे काम शिकलगाराचे. आपल्या समाजात शिकलगार आडनावाची घरे आजही आहेत. त्यांतील मुलांनी हे दालन जरूर पाहावे. नवाबाचे नाव दारावर आहे, परंतु काचेच्या आतली कला लोहार, कोफ्तगर आणि शिकलगार यांची आहे. ज्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची सनद ही हत्यारेच होत.

या संग्रहात यशब नावाच्या हिरवट, कठीण दगडाच्या वस्तूही आहेत. त्यांत जहाँगीर बादशहाचा म्हणून ओळखला जाणारा यशबाच्या मुठीचा खंजीर आहे आणि नूरजहाँची म्हणून ओळखली जाणारी फळे कापण्याची सुरी आहे. खंजीर युद्धाचा, सुरी दस्तरख्वानाची, परंतु दोन्हींवरील हात सारखाच नाजूक. तेथेच शाहजहानची धनुर्धराची अंगठी आहे. ती अंगठ्यात घालीत, म्हणजे प्रत्यंचा ओढताना अंगठा कापत नसे. तिच्यावर शाहजहानचा साहिब-ए-किरान-ए-सानी हा किताब कोरलेला आहे. ती कोणाची, हे ठरविण्याला हा लेख आधार देतो. कोरलेले चार शब्द नसते, तर ती एक सुंदर अंगठी एवढीच राहिली असती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिचा उपयोग आहे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. हा संग्रह ज्या पैशावर उभा राहिला, तो जहागिरीचा पैसा होता. जगप्रसिद्ध अजिंठा हे गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीत मोडत असे. म्हणजे मराठवाड्यातील कुणब्याने भरलेल्या साऱ्याचाही त्या काचेच्या कपाटांत वाटा आहे. ज्या काळी खेड्यापाड्यांत शाळा नव्हत्या, त्या काळी एका माणसाने एवढे धन वस्तूंवर खर्च करावे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर नवाबांच्या हयातीत मिळाले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर मिळाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य भारतीय संघराज्यात आले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४९ रोजी, मीर यूसुफ अली खान यांचे निधन झाले. मागे पत्नी नाही, मूल नाही. त्याच वर्षी जहागिरीही संपुष्टात आल्या. चार दशकांची खरेदी वाड्याच्या खोल्यांत पडून होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे आप्त अनेक होते. अशा वेळी काय होते, हे आपण आपल्या गल्लीतही पाहतो. भावाभावांत वाटण्या होतात, मोठी वस्तू विकून पैसे वाटले जातात आणि दोन पिढ्यांत काहीही उरत नाही. हा संग्रहही तसाच लिलावाच्या हातोड्याखाली जाऊ शकला असता.

तसे झाले नाही. सरकारने मालमत्तेसाठी समिती नेमली. हैदराबादचे तत्कालीन मुख्य प्रशासक वेल्लोडी यांनी संग्रहालयाची कल्पना उचलून धरली, कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांनी वस्तूंची मांडणी केली आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. पुढे १९५८ मध्ये वारसांनी न्यायालयात तडजोड करून संग्रह राष्ट्राला दिला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविली. १९६८ मध्ये संग्रहालय मुसी नदीकाठच्या सध्याच्या इमारतीत गेले. जहागिरीच्या पैशातून आलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा रयतेच्या मालकीची झाली. नवाबांनी जमविले, वारसांनी सोडले, सरकारने सांभाळले. या तिन्हींपैकी एकही कडी तुटली असती तर आज आपल्या मुलांना पाहायला काहीच उरले नसते.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. जी वस्तू आपल्या हाती आहे, पण जी पुढच्याला जशीच्या तशी सोपवायची आहे, ती अमानत. नवाबांचे दिवाणपद अडीच-तीन वर्षांत संपले, त्याची आज कोणाला आठवणही नाही. त्यांनी जे राखले, तेच त्यांचे नाव राखून आहे. शस्त्र जपणे म्हणजे युद्धाची हौस नव्हे. आपल्या शेजारी नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये जुनी शस्त्रे श्रद्धेने जपलेली आहेत, हे आपण जाणतोच. चालणे थांबलेले हत्यार नीट जपले तर तो इतिहासाचा दस्तऐवज होतो.

पालकहो, आपल्या घरी नवाबाचा खजिना नसेल. परंतु माळ्यावरच्या पेटीत पणजोबांची एखादी जुनी कट्यार, गंजलेला अडकित्ता, उर्दूतील सनद किंवा फौजेतील एखादे पदक असू शकेल. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे घोडदळ इजिप्त-पॅलेस्टाइनपर्यंत लढावयास गेले होते. त्या युद्धाचे चांदीचे पदक हाती आले तर त्याची कडा भिंगाखाली पाहा. कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण उमटविलेली असते. सोनार त्याला चांदीचा भाव देईल, पण वितळविल्यावर ते नाव कायमचे गेले. शाहजहानच्या अंगठीची ओळख लेखाने राहिली, तशीच तुमच्या पणजोबांची ओळख त्या कडेने राहील.

म्हणून तीन साध्या गोष्टी करा. एक, जुनी वस्तू भंगारात घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती कोणाची, कोठून आली, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. दोन, तिला वाळू किंवा चिंच घासून चकचकीत करू नका. गंजाबरोबर कोरीव अक्षरेही जातात. कोरड्या फडक्याने पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. तीन, कायदा पाळा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि त्या खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत. हत्यारांना १९५९ चा शस्त्रविषयक कायदाही लागू होतो. तेव्हा बंदूक किंवा तलवार सापडली तर ती लपवू नका, मिरवू नका, पोलीस ठाण्यात आणि पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी हैदराबादला जाल तेव्हा घड्याळाचे ठोके जरूर ऐका. पण तेवढ्यावर परत फिरू नका. शस्त्रांच्या दालनात जा आणि एकाच हत्यारासमोर पाच मिनिटे उभे राहून ते कोणी घडविले असेल, कोणी धरले असेल आणि कोणी जपले असेल, एवढे स्वतःला विचारा. घरी आल्यावर ते वहीत लिहा. जन्मताच पोरका झालेला, पंचविशीत पदाला मुकलेला एक माणूस उरलेले आयुष्य सत्कारणी लावू शकला. परीक्षेत एखादे वर्ष मागे पडले, मनाजोगी नोकरी हुकली, म्हणून आपले आयुष्य संपत नाही, हे त्याच्या चरित्रापासून आपण शिकू या. अल्लाह आपल्या सर्वांना आपल्याकडील अमानत ओळखण्याची आणि ती नेटकेपणे पुढे सोपविण्याची सद्बुद्धी देवो.