चार्ल्स डार्विन

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. चार्ल्स ८ वर्षांचे असताना आई वारली.

त्यांना किडे गोळा करायचा फार नाद होता. कॉलेजात असताना एकदा दोन्ही हातांत दोन भुंगेरे होते, तेवढ्यात तिसरा दिसला. मग त्यांनी हातातला एक चक्क तोंडात टाकला! त्याने जिभेवर असले तिखट पाणी सोडले की थुंकावाच लागला. तिसराही गेला.

१८३१ साली ते बीगल जहाजातून निघाले. जवळजवळ पाच वर्षे हिंडले. गॅलापागोस बेटांवर त्यांना बारके पक्षी मिळाले. कोणाची चोच जाड, कोणाची बारीक. लंडनचे पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी सांगितले, हे सगळे एकाच कुळातले आहेत.

१८३७ साली डार्विननी वहीत एक झाड काढले. खाली एकच बुंधा, वर फांद्या. आमच्या आजोबांकडे भावकीची वंशावळ आहे, अगदी तशी. म्हणजे प्राण्यांचे गट दिसण्यावरून नाही, नात्यावरून करायचे. वटवाघूळ उडते पण पक्षी नाही. त्याच्या पंखात आपल्यासारखी हाताच्या बोटांची हाडे असतात. (वर्गात यावरून भांडण झाले, तेव्हा मी पक्षीच म्हणालो होतो.)

समुद्रातल्या खडकाला बार्नॅकल नावाचे प्राणी चिकटून राहतात. दिसतात शिंपल्यासारखे, पण नात्याने खेकड्याचे. डार्विननी ८ वर्षे तेच तपासले. त्यांच्या मुलाला वाटायचे सगळ्यांचे वडील घरी हेच करतात, असे सांगतात.

त्यांनी झाडाची गोष्ट वीस वर्षे छापली नाही. १८५८ च्या जूनमध्ये दूरच्या बेटावरून वॉलेस यांचे टपाल आले. त्यात तोच विचार! डार्विनना ते लपवता आले असते, पण त्यांनी मित्रांकडे पाठवून दिले. त्याच महिन्यात त्यांचा लहानगा मुलगा तापाने वारला. १ जुलैला लंडनच्या सभेत दोघांचेही लेख वाचले गेले. डार्विन तिथे गेले नाहीत.

१८५९ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले. त्यात एकच आकृती आहे, फांद्या फुटत जाणारी.

१९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ती झाडाची वही केंब्रिजच्या ग्रंथालयातून हरवली होती. २०२२ साली कोणीतरी गुलाबी पिशवीत घालून गुपचूप आणून ठेवली.

(इयत्ता ४ थी)