सात वर्षांच्या मुलांना पंक्तीत घेणारे पोप

आपल्या सोसायटीत कॅथलिक शेजाऱ्यांकडे मुलाची पहिली कम्युनियन असली, की केक सगळ्या मजल्यांवर पोचतो. तिसरी-चौथीतलं पोर, पांढरे कपडे, हातात मेणबत्ती. मला वाटायचं, मुंजीसारखं हे वयही पूर्वापार ठरलेलं असणार. तसं नाही. ते ठरवलं पोप दहावे पायस यांनी, १९१० साली.

मूळ नाव जुझेप्पे सार्तो. जन्म २ जून १८३५, उत्तर इटलीतल्या रिएसे गावी. वडील टपाल पोचवत, आई शिवणकाम करी. दहा मुलांचं घर. शाळा दूर, चालत जायचं, आणि बूट झिजू नयेत म्हणून ते काढून हातात घ्यायचे, असं सांगतात. शिष्यवृत्तीवर पादुआला शिकून १८५८ साली ते धर्मगुरू झाले. पुढची १७ वर्षं लहान गावांत गेली. मुलांना धर्मशिक्षण देणं हे तिथलं त्यांचं जिव्हाळ्याचं काम. मग मांतुआचे बिशप, व्हेनिसचे कार्डिनल आणि १९०३ मध्ये पोप. पोप झाल्यावरही रविवारी व्हॅटिकनच्या आवारात ते स्वतः लोकांना शिकवत.

कम्युनियनमध्ये भाकरीच्या रूपात साक्षात येशू मिळतो, ही कॅथलिक श्रद्धा. त्या काळी मुलांना ती १०-१२ व्या, कुठे १४ व्या वर्षी मिळे. आधी सगळी प्रश्नोत्तरं पक्की, मग प्रसाद. हेतू आदराचाच, पण मूल निर्मळ असतं त्याच वयात ते बाहेर राही. कित्येक तर तोवर दगावत.

८ ऑगस्ट १९१० च्या आदेशात पायस यांनी सांगितलं, की बरं-वाईट कळू लागलं, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, मुलाला कन्फेशन आणि कम्युनियन द्यावी. श्रद्धेच्या मुख्य गोष्टी वयाप्रमाणे समजाव्यात, रोजची भाकरी आणि ही भाकरी यांतला फरक कळावा, एवढं पुरे. मूल तयार आहे का, हे वडील किंवा पालक आणि कन्फेशन ऐकणारे फादर यांनी पाहायचं. शिक्षण मात्र नंतरही चालू ठेवायचं. (आम्ही बँकेत १० वर्षांखालच्या मुलाची सही चालवून घेत नसू. या माणसाने सात वर्षांच्या पोरावर केवढा भरवसा टाकला!)

सगळ्यांना हे रुचलं नाही. फ्रान्समध्ये बाराव्या वर्षीचा समारंभ म्हणजे घरोघरचं मोठं कार्य. पहिली कम्युनियन लवकर झाली तरी तो थाटाचा सोहळा तिथे पुढे कित्येक वर्षं वेगळा होतच राहिला. पण १९१२ साली त्याच फ्रान्समधून शेकडो मुलं पोपचे आभार मानायला रोमला आली.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि थोड्याच दिवसांत, २० ऑगस्ट १९१४ रोजी, ते वारले. मृत्युपत्रात लिहिलं होतं, की गरीब जन्मलो, गरीब जगलो, गरीबच जायचं आहे. १९५४ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पुढच्या खेपेला केक आला, की या पोस्टमनच्या मुलाची आठवण काढा.