हर्सूलचं पाणी आणणाऱ्याची कबर पाहिलीत का?

वेरूळला जाताना लोक खुलताबादला थांबतात ते औरंगजेबाच्या कबरीसाठी. मलिक अंबरची कबरही तिथलीच, पण तिकडे फार कुणी वळत नाही.

इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला. दख्खनला आला आणि पुढे निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. हर्सूलकडच्या खाम खोऱ्यातलं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं, तेही नुसत्या उतारावर!

जहांगीर त्याच्यावर इतका चिडला की अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्रच काढून घेतलं. खरं तर ते डोकं मुघलांच्या हाती कधी लागलंच नाही. उलट १६२४ मध्ये भातवडीला अंबरनेच मुघल आणि आदिलशाही फौजांना हरवलं. १६२६ मध्ये तो वारला. शेजारीच पत्नी बीबी करीमाची कबर आहे.